ग्लासवाल्या बाई गाडीवरून उतरतात

३ मार्च, सोमवार

माझा चेहरा काढायचं ठरलं. गाडीवरचा.

जेवताना मुलानं विषय काढला, माझ्याकडे न बघता. "आई, स्टिकर फार जुनं झालंय. उन्हानं पार करपलंय. नवीन करून घेऊ. तिचा फोटो टाकू." तिचा म्हणजे सुनेचा. हे ताटात असं डोकं खुपसून बसले होते, जशी काही ताटातच टाकी आहे आणि आजच धुवून द्यायचीय.

म्हटलं, स्टिकर जुनं झालं की मी?

मुलानं आमटी वाढून घेतली. म्हणजे उत्तर मिळालं.

सोळा वर्षं मी त्या गाडीच्या दोन्ही बाजूंना उभी आहे. हातात पाण्याचा ग्लास, बत्तिशी दिसेल असं हसू, आणि खाली 'निर्धास्त प्या!' पाण्याच्या टाक्या धुतात हे आणि मुलगा, हसते मी. बाजारात मला 'ग्लासवाल्या बाई' म्हणतात. कुणाच्या लग्नाला गेले तर पाणी प्यायची चोरी. ग्लास उचलला की समोरचे चार जण गालात हसतात. किती वेळा ह्यांच्या मागे लागले, काढा तो फोटो म्हणून. आता काढतायत, तर जेवल्यावर दोनदा अंगणात जाऊन गाडी बघून आले. माझं मलाच कळत नाही.

आणि खरी गंमत हात धुताना सांगितली. "फोनपण आता तिच्याकडे देऊ. तिलाच फार हौस आहे. तू आराम कर." कामाचा फोन! कुणाच्या गच्चीची किल्ली कुणाकडे, कुठल्या टाकीचं झाकण गंजलंय, कोण आदल्या दिवशी पाणी बंद करायला विसरतं, सगळं माझ्या डोक्यात आहे. गाडीवरून उतरवलं, फोन काढून घेतला, तर मग या धंद्यात मी कोण? आराम करणारी बाई. आराम म्हणे. मला काय धाड भरलीय?

४ मार्च

स्टिकरवाला येऊन गेला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, माझ्या नाकावर नख घासलं आणि म्हणाला, "रस्त्याकडची बाई पार ठिसूळ झालीय. भिंतीकडची बरी आहे." मी शेजारीच उभी होते. मग जीभ चावली त्यानं.

त्याचं म्हणणं, जुनं काढायलाच गाडी दोन-तीन दिवस दुकानात सोडावी लागेल. ह्यांची रोज कामं. गाडी सोडायची कशी? बापलेकांचे चेहरे पडले. मग मीच म्हटलं, मी काढते. रोज दुपारी गाडी परत आली की.

"अगं, तुला जमेल का?" हे म्हणाले.

परक्या माणसानं माझ्या तोंडावर पट्टी घासायची, त्यापेक्षा माझा चेहरा मीच काढीन. स्टिकरवाल्यानं शिकवलं. आधी गरम करायचं, मग कोपरा उचलायचा. सरळ वर ओढायचं नाही, पत्र्यालगत झोपवून हळूहळू सोलत न्यायचं. मागे गोंद राहतो तो रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. आणि घाई करायची नाही. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

५ मार्च

घाई केली.

सुरुवात रस्त्याकडच्या बाजूनं. सुनेनं न मागता तिचा हेअर ड्रायर आणून दिला. किती ती तत्परता! वायर पुरेना म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून जोडवायर काढली. स्टिकर सोलून निघेल अशी माझी समजूत. कसलं काय. नखाएवढे तुकडे पडतात. दुपारभर उकरत बसले तेव्हा कुठे ग्लास आणि तो धरलेला हात गेला. आता गाडीवर मी नुसतीच हसते, कारण नसताना.

संध्याकाळी आरशात बघितलं तर माझ्या केसांत माझंच एक बोट चिकटलेलं.

६ मार्च

प्लास्टिकच्या पट्टीनं होईना म्हणून उलथणं घेतलं. पत्र्यावर हा लांब ओरखडा! हे धावत आले. "अगं, गाडी आहे ती, तवा नाही!" मग तोच ओरखडा बोटानं चोळत बसले. माझ्या खरचटलेल्या बोटाकडे बघायला सवड नव्हती.

चिडून कोपरा-बिपरा सोडला आणि जिथे उचकटलं तिथून काढत सुटले. हनुवटी गेली. कपाळ गेलं. नाक गेलं, ते मात्र सुरेख सालपटासारखं निघालं. मग ऊन उतरलं, पत्रा गार झाला, आणि उरलेलं हट्टाला पेटलं.

उरलंय काय, तर एक डोळा आणि सगळे दात.

७ मार्च

गाडी तशीच कामावर गेली. एक डोळा आणि दात. शेजारच्या बाळानं भोकाड पसरलं.

८ मार्च, शनिवार

आज गोंद पुसत होते. हे मागून सूचना करत होते. पायाशी बस, जोरात चोळ, इथलं राहिलं, तिथलं राहिलं. म्हटलं, या ना मग, चोळा. ते वाकले आणि त्याच वेळी मी फडकं झटकलं. रॉकेल थेट डोळ्यात. ह्यांनी हातानं दुसराही डोळा चोळला. त्या हाताला रॉकेल होतंच.

नळाखाली डोकं धरून अर्धा तास उभं केलं. डॉक्टरांनी बघितलं, थेंब दिले, दोन दिवस लाल राहतील आणि पाणी येईल म्हणाले. तरी तसेच संध्याकाळी त्या आठ इमारतींच्या वसाहतीत गेले. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. अर्धी गेलेली बायको घेऊन आणि डोळे पुसत पुसत. मी म्हटलं होतं जाऊ नका. माझं ऐकतंय कोण!

१० मार्च, सोमवार

आज जे घडलं ते लिहायलाही हात धजावत नाही. लिहिते.

सकाळी फोन वाजला. (अजून माझ्याकडेच आहे. नवीन स्टिकर लागलं की सुनेकडे.) वसाहतीतल्या तिसऱ्या इमारतीच्या काकू. "फार वाईट झालं हो. आमच्या वॉचमननं सांगितलं. साहेब गाडीशी उभे राहून डोळे पुसत होते म्हणे. गाडीवरचा फोटोही उतरवत आणलाय. बघवेना बिचाऱ्यांना, दिसत असणार सारखा डोळ्यांसमोर."

मला क्षणभर उमजेना. मग लख्ख उमजलं. मी वारले होते!

तोंड उघडलं, सांगणार होते की अहो, मी इथे धडधाकट आहे. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तुमचा आवाज अगदी त्यांच्यासारखा. बहीण का?"

आणि मी म्हटलं, "हो. धाकटी."

का म्हटलं, देव जाणे. पुढचं ऐकायचं होतं, दुसरं काय. आणि धाकटी कशाला? मेल्यावरसुद्धा वय कमी करायची हौस फिटत नाही.

काकू बराच वेळ बोलल्या. गोड बोलायच्या म्हणाल्या. सगळ्यांची आठवण ठेवायच्या म्हणाल्या. गंजलेलं झाकण त्यांनीच बदलायला लावलं, नाहीतर आम्ही तसंच पाणी पीत बसलो असतो. "फोटोत काय, कुणीही हसेल," काकू म्हणाल्या, "पण सगळा धंदा त्या बाईनं फोनवर चालवला."

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. आपल्याच मरणावर. घरात असं कुणी एकदाही म्हटलं नाही मला.

११ मार्च

ह्यांना सांगितलं. हसून हसून खाली बसले. खरं सांगून टाका म्हटलं, तर म्हणाले, "दोन दिवस जाऊ दे गं. आज लोकांनी मला गच्चीवर खुर्ची दिली. सरबत दिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं, दमलात का."

माणूस बायको मेल्यावर इतका खुशीत!

दुपारी दार वाजलं. मी गोंदानं माखलेली, अंगावर ह्यांचा जुना शर्ट. दारात हातात फुलं घेऊन एक निवृत्त मास्तर, जुनं गिऱ्हाईक. मला बघून पायरीवरच बसले. पाणी आणून दिलं, तर ग्लास बघून आणखीच पांढरे पडले. घाईघाईनं म्हटलं, मी बहीण, मी बहीण. मास्तरांनी चष्मा पुसला, मला नीट न्याहाळलं. "साम्य आहे," म्हणाले. "पण त्या जरा उजव्या होत्या."

फुलं ठेवून घेतली. चांगली होती.

१२ मार्च

वसाहतीच्या अध्यक्षांचा फोन. हा गृहस्थ म्हणजे ह्यांना गेटवर तासन्‌तास उभं करणारा. गच्चीची किल्ली कधी मिळायची नाही, शिडी धरायला माणूस नसायचा, पाणी आधी बंद केलेलं नसायचं, आणि उशीर झाला की बोलणी आम्हालाच. मी इतकी वर्षं फोनवर "हरकत नाही हं, बघतो आम्ही" करत आले. हसऱ्या बाईनं दुसरं काय म्हणायचं?

आज ते म्हणाले, "वर्षभराचं काम तुम्हालाच द्यायचं ठरतंय. पण आता बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी," धाकटी बहीण म्हणाली.

आणि ही धाकटी काय बाई आहे! म्हणाली, किल्ली सकाळी वॉचमनकडे हवी. पाणी आदल्या रात्री बंद. शिडीला माणूस तुमचा. गेटवर थांबवलं तर आमची माणसं परत फिरतील, आणि तो दिवस तुमच्या खात्यात. मी ऐकतच राहिले तिचं बोलणं. अध्यक्षांनी किल्लीचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. शुक्रवारी या, सह्या करू."

फोन ठेवला. मान ताठ होती.

१३ मार्च

भिंतीकडची बाजू आज काढली. या बाजूला ऊन लागत नाही, त्यामुळे स्टिकर मऊ. सून नोकरीवरून लवकर आली होती, म्हणाली, "आई, मी ड्रायर धरते." धरला तिनं. मी कोपरा उचलला आणि झोपवून सोलत गेले. अख्खीच्या अख्खी निघाले मी! ग्लासासकट. दोघींनी दोन टोकं धरली. सून माझ्या त्या चेहऱ्याकडे बघत होती, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात वारा आला, टोक तिच्या हातून सुटलं, आणि अंगणातून जाणाऱ्या ह्यांच्या पाठीला मी सपकन चिकटले.

हे तसेच किराणा आणायला निघून गेले. आम्ही हाका मारतोय, ते हात हलवून "येतो, येतो" म्हणतायत. वाण्याच्या दुकानात म्हणे लोक बाजूला झाले आणि ह्यांना रांगेशिवाय सामान मिळालं. बायकोचं दुःख पाठीवर घेऊन फिरणारा माणूस!

संध्याकाळी अध्यक्षांचा पुन्हा फोन. कामाचं झालं, मग घसा खाकरला. "राग मानू नका. तुमचे मेहुणे एकटे पडलेत. तुम्हीही घरातल्याच. माणूस सज्जन आहे. विचार करून बघा."

माझ्याच नवऱ्याचं स्थळ मला आलं!

ह्यांना सांगितलं तर हसले नाहीत. हनुवटी खाजवत म्हणाले, "चार दिवस दे. विचार करून सांगतो."

आज बोलत नाहीये मी त्यांच्याशी.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी गाडी धुतली. लख्ख. आणि बघते तर काय, मी तिथेच! स्टिकर गेलं, गोंद गेला, पण स्टिकरखालचा रंग मूळचा गडद राहिलाय आणि भोवतालचा उन्हानं विटलाय. रस्त्याच्या बाजूला माझी पुरी आकृती. नाक, अंबाडा, हातातला ग्लास. स्टिकरवाल्याला फोन केला. "ती सावली, बाई. एवढ्या वर्षांची जात नसते. पॉलिश मारलं तरी थोडी राहतेच."

खरं सांगते, बरं वाटलं.

मग त्याच गाडीत बसून वसाहतीत गेले. खोटं किती दिवस चालवायचं? सही करायची तर खऱ्या माणसानं करायला हवी. काम हातचं जाईल म्हणून मुलगा वाटेत दोनदा म्हणाला, "आई, आजचा दिवस बहीणच राहा ना." आणि हे डोळ्यांत थेंब घालत होते.

गेटवर अध्यक्ष, काकू, वॉचमन, सगळे. मी उतरले आणि नेमकी त्या सावलीशेजारी उभी राहिले. तेच नाक, तोच अंबाडा. वॉचमन आळीपाळीनं दोघींकडे बघायला लागला. त्याच्या हातातली काठी पडली.

म्हटलं, "मी गेले नाही. मला काढलं. गाडीवरून. नवीन फोटो लावायचाय म्हणून."

काकूंनी मला मिठी मारली आणि लगेच एक चापटही मारली. अध्यक्षांचा चेहरा आंबट. "म्हणजे बहीण नाहीच? माझं त्यांच्याशी सगळं ठरलं होतं. किल्लीचं, शिडीचं. चोख बाई."

"तीच मी."

"मग इतकी वर्षं असं का नाही बोललात?"

त्यांनी कागद पुढे केला. ह्यांनी सवयीनं हात लांब केला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही नाही. ज्यांनी ठरवलं त्यांनी." मी सही केली. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं.

१५ मार्च

सून चहा घेऊन माझ्या खोलीत आली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते ती, एरवी शनिवारी उशीर होतो, आज लवकर निघून आली होती. बराच वेळ कपाशी खेळत बसली. मग एकदम म्हणाली, "आई, रागावू नका. मला नाही राहायचं गाडीवर. आणि तो फोनही नको. मला माझं काम आवडतं."

मी बघतच राहिले. "मग हो कशाला म्हणालीस?"

"तुमचीच इच्छा आहे म्हणून सांगितलं मला. आई दमल्यात, त्यांना सगळं तुझ्या हाती सोपवायचंय. तुमचा मान मला देताय, त्याला नाही कसं म्हणणार?"

मला काय सांगितलं होतं? तिलाच फार हौस आहे, तिचं मन मोडू नकोस.

दोघींना दोन गोष्टी, आणि बापलेक मजेत. त्यांना वाटलं, बायकांचं बायकांत निभेल. पोरगी ड्रायर घेऊन धावत यायची ती मला एकटीला उन्हात बसावं लागू नये म्हणून, आणि मी इथे तिच्या नावानं बोटं मोडत होते. तिला जवळ घेतलं. चहा गार झाला. मग तिनं तिच्या मोबाइलमधला एक फोटो दाखवला, मागच्या महिन्यातला, ह्यांनीच कौतुकानं काढायला लावलेला. तो बघून दोघींना हसू आवरेना. स्टिकरवाल्याचं दुकान उद्याही उघडं असतं.

१७ मार्च, सोमवार

स्टिकर लागलं. मुलगा खुशीत गाडी आणायला गेला आणि तोंड लपवत चालवत आला.

दोन्ही बाजूंना बापलेक. टाकीच्या झाकणातून वर आलेली दोन डोकी, नाकाला गाळ, ह्यांचा चष्मा वाकडा, मुलाचं तोंड शिंक येणार असल्यासारखं. केवढे मोठे दिसतात!

"आई, हे काय?"

म्हटलं, धुता तुम्ही, दिसायलाही तुम्हीच हवं. जुने झालात की बदलू.

हे गाडीभोवती फिरले. वाटलं आता भडकतील. खिशातून रुमाल काढून त्यांनी गाडीवरचा आपला चष्मा पुसून बघितला. "वाकडाच आहे," एवढंच म्हणाले. मग अंगणात माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "विचार केला. त्या बहिणीला होकार कळव." मेलं, या वयात गाल गरम झाले माझे.

दुपारी एकटीनं नीट बघितलं. स्टिकर छान बसलंय, पण माझी आकृती त्या दोघांहून मोठी होती. कडेनं सगळीकडून थोडी थोडी बाहेर दिसते. स्टिकरवाल्याला सांगितलं नाही. राहू दे.

१८ मार्च

सकाळी सकाळी फोन. कुणी नवीन गृहस्थ. "नंबर गाडीवर बघितला. त्या टाकीतल्या दोघांपैकी कुणाशी बोलता येईल का?"

म्हटलं, "ते दोघं माझ्याकडे कामाला आहेत. बोला."